आयी म्हणजे आई नव्हे

मुलगा आठ वर्षांचा. चिक्कोडी तालुक्यातल्या एका गावात, सोप्यात पोतं अंथरून त्यावर बसलेला. नाव सांगितलं, शाळा सांगितली, इयत्ता सांगितली. मग मी विचारलं, घरी कोणासोबत राहतोस? तो म्हणाला, "आयी कूड इर्तीनि." 'कूड' म्हणजे सोबत, 'इर्तीनि' म्हणजे राहतो, इतपत कन्नड मला येत होतं. मी अर्जात लिहिलं: आईसोबत राहतो.

त्या घरात आई नव्हती. बाप वारल्यावर दोन वर्षांनी ती घर सोडून गेली होती आणि मुलाला आजी सांभाळत होती. आपल्याकडच्या कन्नडात आजीला 'आयी' म्हणतात आणि आईला 'अव्वा'. अर्ज मिशन वात्सल्य या सरकारी बालकल्याण योजनेतल्या प्रायोजकत्वाचा होता, महिना 4000 रुपयांचा. मी 'आई' लिहिल्यामुळे पुढे आईचं आधार कार्ड, आईची सही, आईच्या उत्पन्नाचा दाखला अशी मागणी निघाली आणि फाइल चार महिने रखडली. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मी प्रश्न विचारत होते तेव्हा ती आजी उंबऱ्याशी बसून तूर निवडत होती. तिला एक शब्द विचारला असता तर काम झालं असतं. विचारला नाही, कारण मला उत्तर समजलं होतं.

या लेखात मला हेच सांगायचं आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका, परिचारिका, समुपदेशक, बालकल्याणाचं किंवा पुनर्वसनाचं काम करणारे आपण सगळे, आपलं निम्मं काम बोलण्याचं असतं. वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या चालीरीतींच्या माणसाशी नीट बोलता येणं, त्याचं म्हणणं त्याच्या अर्थाने ऐकता येणं, याला पुस्तकी भाषेत आंतरसांस्कृतिक संवाद म्हणतात. इतर ठिकाणी या विषयाची सुरुवात 'समोरच्याची भाषा येत नाही' इथून होते. बेळगाव भागात अडचण उलटी आहे. इथे सगळ्यांना सगळं थोडं थोडं येतं. अजिबात न समजणारा माणूस थांबतो, कोणाला तरी बोलावतो. अर्धं समजणारा पुढे लिहीत जातो.

भाग असा का झाला ते थोडक्यात सांगते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. या सीमावादावर 1966 ला महाजन आयोग नेमला गेला, 1967 ला त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मान्य केला नाही, आणि 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 47 लाखांच्या वर होती. त्यात दर तीन माणसांत दोघांची मातृभाषा कन्नड, पाचांत जवळपास एकाची मराठी, दहांत जवळपास एकाची उर्दू. पण हे आकडे घरोघर असे वाटलेले नाहीत. खानापूर, निपाणी, बेळगाव शहराच्या गल्ल्या इथे मराठी दाट आहे. सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्गकडे कन्नड. खानापूरच्या जंगलाकडे गेलात तर कोकणीही कानावर येते. एकाच घरात सून गोकाकची आणि सासू निपाणीची असते. चिंचलीच्या मायाक्काला आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला दोन्ही भाषांची माणसं शेजारी शेजारी रांगेत उभी असतात.

आडनावावरून भाषा ओळखायला जाऊ नका. पाटील मराठा असतो, लिंगायत असतो, जैनही असतो. देसाई, कुलकर्णी, नाईक यांचंही तसंच. बाजारात मराठी बोलणारा माणूस देवापुढे कन्नड बोलतो. बोलतो एक आणि वाचतो दुसरंच, असंही फार आहे. उत्तम मराठी बोलणाऱ्या बाईच्या हातात तुम्ही मराठी पत्रक ठेवता आणि ती ते घडी घालून कमरेला खोचते, कारण तिची शाळा कन्नड माध्यमाची होती. म्हणून बोलायची भाषा आणि वाचायची भाषा हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे.

बोलायला सुरुवात कोणत्या भाषेत करायची, हा इथे साधा प्रश्न नाही. 1 नोव्हेंबरला एका घरात राज्योत्सव असतो आणि शेजारच्या घरात काळा दिवस. तुम्ही दारात उभं राहून पहिला शब्द ज्या भाषेत काढता, त्यावरून समोरचा माणूस ठरवतो की तुम्ही कोणाच्या बाजूचे. मला यावर एकच उपाय सापडला आहे: विचारायचं. "कन्नडदाग माताडूणेन्री, का मराठीत बोलूया?" या एका वाक्यात दोन्ही भाषा आल्या की खांदे सैल पडलेले दिसतात. कन्नड मोडकं असलं तरी चालतं, लोक हसतात आणि दुरुस्त करतात. पण एक गोष्ट मोडकी चालत नाही, ती म्हणजे शेवटचा 'री'. 'बा' म्हणजे ये, 'बर्री' म्हणजे या. 'हेळ' म्हणजे सांग, 'हेळ्री' म्हणजे सांगा. 'कुंद्रु' आणि 'कुंद्री' मध्ये बस आणि बसा इतकंच अंतर आहे. आपण मराठी माणसं घाईत क्रियापदाचं मूळ तेवढं उचलतो आणि साठीच्या बाईला "बा, कुंद्रु" म्हणून मोकळे होतो. आपल्या मते आपण तिची भाषा बोलून मान दिला. तिच्या कानाला मात्र अरे-तुरे ऐकू आलेलं असतं. उलट कन्नड माणूस मराठीत "तो बाई आला" म्हणाला तर ते व्याकरण घसरलेलं असतं, मान घसरलेला नसतो. त्यावर हसलात तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही.

मधली भाषा म्हणून हिंदी घेण्याची एक सवय आहे. गरज पडली तर घ्यावी, पण जपून. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, कन्नडात 'शिक्षे' म्हणजेही दंड. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. "आपके बेटे की शिक्षा के बारे में बात करनी है" असं सरकारी कागद हातात धरून म्हटलं, तर ऐकणारी आई मराठी असो की कन्नड, तिच्या पोटात गोळाच येणार.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांची एक वही करा असं मी नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात सांगते. 'आराम इल्ल्री' ऐकलं की मराठी कानाला वाटतं, हिला विश्रांती मिळत नाही. खरा अर्थ आहे, बरं नाही, आजारी आहे. 'अनुमान' आपल्याकडे तर्क, कन्नडात संशय. नवरा अनुमान करतो असं बाई म्हणाली, तर तो अंदाज बांधत नसतो, तिच्यावर संशय घेत असतो; समुपदेशनाची दिशाच तिथे बदलते. 'प्रपंच' आपला घरसंसार, त्यांचं अख्खं जग. आणि गरोदर बाईच्या हातात दिलं जाणारं 'तायी कार्ड'. तायी म्हणजे आई, म्हणजे ते मातेचं कार्ड. पण आपल्या मराठी बायकांना ते ताईंचं कार्ड वाटतं, आशाताईंचं, आणि त्या ते ताईंकडेच ठेवायला देतात. मग रात्री कळा सुरू होऊन दवाखाना गाठावा लागला की कार्ड नाही.

नात्यांच्या शब्दांपाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आपल्या कामात घोटाळे तिथेच होतात. कन्नडातला 'माव' म्हणजे मामाही आणि सासराही. "माव होडितान" असं एखादी म्हणाली तर मारणारा नेमका कोण? मराठी कानाला मामा ऐकू येतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायचा तर कोणाशी काय नातं आणि कोण एका छताखाली राहतं, हे नेमकं लिहावं लागतं. शिवाय एकच शब्द दोन नात्यांना का, याचं उत्तर चालीरीतीत आहे. कन्नड भाषकांतल्या अनेक समाजांत मामाने सख्ख्या बहिणीच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. मराठी घरांत मामाची मुलगी करतात, पण मामा-भाचीचं लग्न ऐकून आपला चेहरा बदलतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात अशा जवळच्या नात्यातल्या लग्नांना मनाई आहे, पण ज्या समाजात तशी रूढी आहे तिथे सूट आहे. बाळाच्या तब्येतीसाठी नात्यातलं लग्न आहे का हे विचारणं गरजेचंच असतं. ते विचारताना भुवई वर गेली, की पुढची बाई "नात्यातलं नाही" असं सांगून मोकळी होते. तिचं खोटं बोलणं आपल्या भुवईने घडवलेलं असतं.

आता दुभाष्याबद्दल. बेळगावातल्या एका दवाखान्यात मी एका तरुण सुनेसोबत गेले होते. सून रायबागकडची, कन्नड बोलणारी. डॉक्टर मराठी. सासूला दोन्ही भाषा येत होत्या म्हणून आपोआप तीच मध्ये बसली. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतोय? सासूने विचारलं. सून खाली बघत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, चांगलं मिनिटभर बोलली. सासू डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "काय नाही वो, अंगात कसकस हाय म्हणते." त्या मिनिटभरात मी दोन शब्द ऐकले होते, 'बिळी सेरगु'. शब्दशः अर्थ पांढरा पदर. कन्नड बायका अंगावरून पांढरं जाण्याला असं म्हणतात. सासूने लपवलं ते वाईट हेतूने नाही. परक्या पुरुषासमोर ती गोष्ट तिच्या तोंडून निघेना. पण सून तापाच्या गोळ्या घेऊन घरी गेली असती.

घरचा माणूस मध्ये बसला की तो नुसतं भाषांतर करत नाही, घराची अब्रूही सांभाळतो. म्हणून अंगावरच्या दुखण्याचं, मारहाणीचं, नवरा-बायकोचं बोलणं असेल तर घरचा दुभाष्या नको. लहान मूल तर कधीच नको. आईला कर्करोग आहे हे दहा वर्षांच्या पोरीने आईला सांगायचं, असा प्रसंग तिच्यावर आणू नका. शाळेत जाणारं मूल दोन्ही भाषा छान बोलतं म्हणून हा मोह फार होतो. दुसरी आशाताई, परिचारिका, निदान त्या घराशी नात्याचा संबंध नसलेली बाई शोधा. तिला आधीच सांगून ठेवा: जे बोललं जाईल ते सगळं जसंच्या तसं सांगायचं, गाळायचं नाही, भर घालायची नाही, आणि इथलं इथेच ठेवायचं. बसायचं तिघांनी त्रिकोणात. बघायचं आणि बोलायचं मात्र त्या बाईशी, दुभाष्याशी नाही. "हिला विचार, हिचं दुखणं कधीपासून आहे" असं न म्हणता थेट "तुम्हाला कधीपासून दुखतंय?" एका वेळी एक-दोन वाक्यं, मग थांबायचं. आणि उत्तर मिनिटाचं पण भाषांतर चार शब्दांचं आलं, तर तिथल्या तिथे, शांतपणे, "त्या आणखी काही म्हणाल्या का?" असं विचारायचं. त्या दिवशी मीही तेच विचारलं. सासू गप्प झाली. मग डॉक्टरांनी सासूला बाहेर बाकावर बसायला सांगून परिचारिकेला आत बोलावलं.

समजलं का, हा आपल्या कामातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न आहे. "तिळीतेन्री?" विचारलं की "आतरी" येतं, "समजलं का?" विचारलं की "व्हय" येतं. मान राखणारी माणसं शिकलेल्या बाईला नाही कसं म्हणतील? त्याऐवजी त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. गरोदर बाईला लोहाच्या लाल गोळ्या देतात, रोज एक, 180 दिवस. एका अंगणवाडीत मी सगळं समजावलं आणि शेवटी एकीला म्हटलं, "मनिगे होगि हेंग तगोतीरि? घरी जाऊन कशा घ्याल, मला सांगून दाखवा. मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय." परीक्षा तिची नाही, माझी आहे, हे त्यात येणं महत्त्वाचं. तिने पट्टी हातात घेतली, एक गोळी नखाने दाखवली आणि म्हणाली, अर्धी मोडून, चहाबरोबर. अर्धी का? तर पूर्ण घेतली की बाळ पोटात मोठं होतं आणि बाळंतपण अवघड जातं. चहा का? तर गोळीने मळमळतं म्हणून. चहाबरोबर लोह अंगी नीट लागत नाही, हे मी सांगितलंच नव्हतं, आणि मोठ्या बाळाची भीती तर मला ठाऊकच नव्हती. समजलं का विचारून निघाले असते, तर माझ्या वहीत '30 गोळ्या दिल्या' एवढंच राहिलं असतं.

त्या भीतीवर एका फटकाऱ्यात 'तसं काही नसतं' म्हणू नये. आर्थर क्लाइनमन नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1970 च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांना एक सोपी गोष्ट सुचवली: रोग्यालाच विचारा, तुम्हाला हे कशामुळे झालं असं वाटतं, याने काय होईल अशी भीती वाटते, कशाने बरं होईल असं वाटतं. आपल्या गावांत हे प्रश्न कामाला येतात. उत्तरात उष्णता येईल, बाहेरचं येईल, देवीचं येईल. ते ऐकून घेतलं, की मग गोळीची गोष्ट त्या माणसाच्या समजुतीच्या शेजारी ठेवता येते.

'आम्ही' आणि 'आपण' हा मराठीतला भेद कन्नडात नाही, दोन्हीला 'नाव'. यातून वचनांचे घोटाळे होतात. "अर्जी कोडूणु" म्हटलं की अर्थ होतो, अर्ज देऊया. तुमच्या मनात असतं, तुम्ही द्या, मी सोबत येईन. ऐकणारीला वाटतं, ताई देणार आहेत. महिन्याने ती विचारते, काय झालं अर्जाचं? म्हणून कोण काय करणार ते नावानिशी बोलायचं: बुधवारी तुम्ही ग्रामपंचायतीत जायचं, कागद मी लिहून देते. आणि 'नोडूणु', म्हणजे बघूया, हे आपल्या 'बघूया'सारखंच, बहुतेक वेळा सभ्य नकार असतो. नकार ऐकता आला की पुन्हा पुन्हा दार वाजवून माणूस दुखावला जात नाही.

भाषा एक असली तरी संस्कृती एक असते असं समजू नये. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या या भागातल्या कारखान्यांवर येतात. त्या मराठी बोलतात म्हणून आपल्याला त्या आपल्याच वाटतात. पण 'कोयता' म्हणजे त्यांच्यात नवरा-बायकोची जोडी, 'उचल' म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, आणि त्यांच्यातल्या अनेक घरांत आपसात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, चालते. कोपीतल्या, म्हणजे त्यांच्या झोपडीतल्या, बाईला सकाळी अकराला लसीकरणाला बोलावणं म्हणजे एका दिवसाचा खाडा सांगणं. ती आली नाही तर तिला पोराची काळजी नाही असं लिहू नका. फडातून परत येण्याची वेळ विचारा. आणि तिने दिलेलं पाणी प्या. न पिण्याचं कारण तुमच्या मनात काहीही असो, तिला ते जातीचंच वाटेल, आणि तसं वाटण्याइतका अनुभव तिच्या गाठीशी असतो.

कायद्यातल्या दोन-तीन गोष्टी हाताशी असाव्यात. गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या 350 व्या कलमाने प्रत्येकाला आहे. उत्तर त्याच भाषेत येईल असं मात्र त्यात म्हटलेलं नाही, तेव्हा उत्तर वाचून दाखवणारं कोणीतरी हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सांगतो की उपचाराची माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने दिली तरच तिची संमती खरी. अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं नाही. मनाच्या दुखण्यासाठी टेली-मानस या सरकारी फोनसेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं आणि कन्नडातही, हे दोन्हीकडच्या घरांत सांगा.

मेलनी टरवलन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकन डॉक्टरांनी 1998 मध्ये एक विचार मांडला. दुसऱ्याची संस्कृती आपण 'शिकून संपवली' असं कधी होत नाही, नम्रपणे विचारत राहणं हेच कौशल्य. मला हे पटायला वेळ लागला. मी बेळगावच्या मराठी गल्लीत वाढले. कन्नड बोलणारा माणूस समोर आला की माझ्या आवाजात एक ताठपणा यायचा, आणि तो मला ऐकूही येत नसे. एका सहकारी बाईने, जी स्वतः बैलहोंगलची, एकदा बाजूला घेऊन सांगितलं: "अक्का, तुम्ही मराठी घरात वाकून आत जाता, आमच्या घरात सरळ जाता." तेव्हापासून मी दाराशी थांबते.

चिक्कोडीच्या त्या घरी मी पुन्हा गेले. आता मी नाती शब्दांनी लिहून घेत नाही, आधी मांडून घेते. आजी तूरच निवडत होती. मी म्हटलं, घरात कोण कोण, एकेक दाणा ठेवून दाखवा, री. तिने जमिनीवर एक दाणा ठेवला आणि स्वतःच्या छातीला हात लावला, "ना." त्याला चिकटून दुसरा, नातवाचा. मग तिसरा घेतला, जरा वेळ बोटात धरला, आणि दोघांपासून दूर, उंबऱ्यापाशी ठेवला. "इवन अव्वा," ती म्हणाली. ह्याची आई. मी अर्ज काढला आणि तिच्यासमोरच खोडून दुरुस्त केला, प्रत्येक नाव वाचून दाखवत.